सॉनिकची अर्धवट राहिलेली गोष्ट

व्हिडिओ गेमवर बेतलेली कार्टून मालिका बंद पडते ती केवळ दर्जा नसल्यामुळे, असे म्हटले जाते, ते मला पटत नाही. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १९९३ मध्ये सुरू झालेली 'सॉनिक द हेजहॉग' ही त्याच नावाच्या गेमवरची मालिका २६ भागांनंतर थांबली, तेव्हा अखेरच्या भागात खलनायक रोबोटनिकचा पाडाव झालेला होता, सूत्रे हाती घेऊ पाहणाऱ्या त्याच्या साहाय्यकाच्या, स्नाइव्हलीच्या, पाठीमागे अंधारात दोन लाल डोळे चमकले होते आणि ते कोणाचे, हे पडद्यावर कधीच उलगडले नाही. (कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मित्राकडे हे पाहिल्यावर पुढच्या भागाची सीडी आम्ही खुळ्यागत शोधत होतो!) मालिकेतल्या राजकन्या सॅलीसारख्या पात्रांना घेऊन आर्ची या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथा मात्र पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या.