जगात एवढं पाप, एवढा गोंधळ… अशात तुम्ही देवाला कुठे शोधलंत? (अनुभव लिहा)

रानवाट:
काल मोबाईलवर युद्धाचा एक व्हिडिओ बघितला, पडक्या भिंतीपाशी एक बाई लेकराच्या केसांतली धूळ बोटांनी काढत होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते. प्रार्थनाच असणार. एकदम माझी आई डोळ्यांसमोर आली. माझा धाकटा भाऊ अपघातात गेला, ठोकणारा प्यायलेला होता, थांबलाही नाही. आईने देवाचं नाव टाकलं. मग काही महिन्यांनी पहाटे तिच्या खोलीतून आवाज यायला लागला, भावाचं काच तडकलेलं घड्याळ हातात घेऊन ती सरळ भांडायची, "तू बघत होतास ना? मग मध्ये का नाही पडलास?" रोज. आम्ही घाबरायचो. आज वाटतं, आमच्या घरात देवाला तिच्याइतकं घट्ट कोणी धरलंच नव्हतं. तुमचंही लिहा, विस्कळीत असलं तरी चालेल.

तिन्हीसांज:
रडवलंत ताई. बाळ उठलंय, रात्री लिहिते.

साधा_माणूस:
2021 ला कोविड वॉर्डात ब्रदर होतो. एका आजोबांचा ऑक्सिजन उतरत चाललेला, नातेवाईकांना आत सोडत नव्हते. मी किटमध्ये घामाने निथळत फोन त्यांच्या कानाशी धरला, पलीकडून मुलगा त्यांच्या धर्माची प्रार्थना म्हणत होता, मला एक शब्द कळत नव्हता. आजोबा गेले तरी तो म्हणतच राहिला आणि मी फोन धरूनच राहिलो. त्याच दिवसांत बाहेर इंजेक्शनं काळ्या बाजाराने विकली जात होती. दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मला विचाराल तर देव त्या फोनपाशी होता.

रिकामी_ओंजळ:
माझं जरा उलट आहे, राग नको. आमच्या जवळच्या एकाने, पहाटे उठून तासन्‌तास जप करणाऱ्याने, विधवा भावजयीची जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली. तेव्हापासून माझे हात जोडले जात नाहीत.

उशिराची_गाडी:
@रिकामी_ओंजळ राग कसला, तुकोबांनी अशा ढोंग्यांनाच तर झोडपलंय. आणि त्यांचं स्वतःचं बघा ना, 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ, धंदा बुडाला, बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनीच अभंगात सांगितलंय, आणि एवढं सगळं होऊन हा माणूस विठ्ठलाला वाट्टेल ते बोलतो पण सोडत नाही. रानवाटताईंच्या आईसारखंच. मदर तेरेसा 1997 ला गेल्या, 2007 ला त्यांची पत्रं छापून आली तेव्हा लोकांना कळलं की कित्येक वर्षं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता, आणि बाहेर मरणाऱ्यांची सेवा चालूच होती. मला त्याने फार धीर आला, माझीही प्रार्थना बरेचदा कोरडीच जाते. आणि ते पोर्तुगालमधल्या लिस्बन शहराचं, 1 नोव्हेंबर 1755, सणाची सकाळ, चर्चमध्ये गर्दी आणि भूकंप… जाऊ दे, स्टेशन आलं.

तिन्हीसांज:
झोपलं एकदाचं. मी तुरुंगात अक्षरओळख शिकवायला जाते. खुनाची शिक्षा झालेला एकजण 'ग' गिरवता गिरवता मान वर न करता म्हणाला, "मॅडम, देव मेलेल्याचाच असतो की मारणाऱ्याचा पण?" मला काही बोलताच आलं नाही. पुढच्या वेळी वाल्याची गोष्ट सांगितली. तो वाल्मिकी झाला त्यात याला रसच नव्हता. बायकोपोरांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला, तिथे त्याने मला थांबवलं, "हे परत सांगा". दोनदा सांगायला लावलं.

रानवाट:
काटा आला अंगावर. येतो का अजून वर्गाला?

तिन्हीसांज:
येतो ना. आता पत्र लिहायला शिकवा म्हणतो. कोणाला ते मी विचारलं नाही.

अधूनमधून:
रात्री बातम्या बघणं बंद करा आधी सगळ्यांनी. माझी बीपीची गोळी वाढवलीय डॉक्टरांनी, बाकी देव वगैरे मी सकाळी फिरताना बोलतो त्याच्याशी, तेवढंच.

साधा_माणूस:
काका गोळी चुकवू नका. @रिकामी_ओंजळ त्या वहिनींचं पुढे काय झालं?

रिकामी_ओंजळ:
केस चालू आहे. तारखेला मी सोबत जाते, कोर्टाबाहेरच्या बाकावर बसतो दोघी. त्यांचं नामस्मरण चालतं, मी कागदांची पिशवी सांभाळते. मागच्या वेळी समोरची पार्टी आलीच नाही, पुढची तारीख पडली.