रक्तवाहिन्या कडक होणे : पहिली चाहूल कुठून लागली? (अनुभव धागा)

कुळागर, फोंडा
जत्रेच्या दिवशी बस हमरस्त्यावरच थांबते. तिथून देवळापर्यंत बारा विजेचे खांब. बाबा गेली दोन वर्षं दर तिसऱ्या खांबाला टेकायचे आणि म्हणायचे, "कोण ओळखीचा दिसतो का बघतोय." आम्ही हसायचो. पोटरी आवळून येते, थांबलं की दोन मिनिटांत मोकळी होते, हे त्यांनी आईला सांगितलं होतं. आईने ते वयावर ढकललं. मग हाडांचे डॉक्टर, कंबरेचा एक्स-रे, पट्टा, तेल. दीड वर्ष त्यात गेलं.

शेवटी साखर तपासायला गेले असताना एका तरुण डॉक्टरणीने त्यांना चप्पल काढायला लावली, पावलावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ गप्पच राहिली. नाडी लागत नव्हती. मग घोट्याला बीपीचा पट्टा बांधून पेनासारख्या यंत्राने आवाज ऐकला. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं, उत्तर ०.६२. ०.९ च्या खाली आलं की पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं धरतात. तिचा पुढचा प्रश्न छातीबद्दल होता. साखर तपासायला गेलेल्या माणसाच्या हृदयाच्याही दोन नळ्या अडलेल्या निघाल्या. विडी चाळीस वर्षांची.

नळ्या अंगभर त्याच, त्यांत चरबीचा साठा आधी कुठे बोंब मारेल तेवढं वेगळं. म्हणून विचारतो, तुमच्या घरी पहिली खूण कुठे दिसली? गोळ्यांची नावं आणि डोस इथे नकोत, कृपा करा.

निवृत्त बाई, पणजी
चवथीची आरती चालू, घुमटाचा ठेका जोरात, ताट माझ्या हातात. उजव्या डोळ्यासमोर वरून पडदा खाली आला. डावा डोळा अगदी स्वच्छ. दहा मिनिटांत पडदा आला तसा वर गेला. घरात निदान तयारच होतं : उपास, धूप, रात्री नेवऱ्या करताना झालेलं जागरण. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, चष्मा बदला." आणि मी शहाणी, चार दिवसांनी खरंच चष्म्याच्या दुकानात गेले! तिथल्या पोराने नंबर काढलाच नाही. "मॅडम, हें आमचें काम न्हय, आजच डॉक्टराक दाखयात."

मानेची डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली. उजवी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी, ७० टक्क्यांहून जास्त बुजलेली. तिथला एखादा कण सुटून डोळ्याच्या धमनीत अडकला आणि पुढे सरकला. मेंदूकडे गेला असता तर अर्धांगवायू. ते चार दिवस मी काय जुगार खेळले हे नंतर कळलं. असा पडदा आला तर त्याच तासाला निघा, १०८ ला फोन करा.

ऑपरेशननंतर सर्जननी बाटलीत घालून दाखवलं. करंगळीच्या पेराएवढं, पिवळट, ओल्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखं. चिमट्याने दाबलं तर आत चुन्यासारखं करकरलं. पुढे महिनाभर मला नारळ खवणं जमलं नाही.

नाव नको
लिहू की नको असं करत तीन दिवस गेले. माझी पहिली खूण पलंगावर. वय ४९. ताण असेल म्हणून जाहिरातीतली चूर्णं खाल्ली, बायकोशी बोलणं टाळलं. तीन वर्षांनी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी सरळ विचारलं आणि सांगितलं की तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून बऱ्याचदा त्या आधी बोलतात. पुरुष मंडळींनी एवढं वाचलं तरी पुरे.

म्हापशेकर
मला खूण काहीच नव्हती. आमच्या घरात पुरुष साठी बघत नाहीत, म्हणून ४६ व्या वर्षी स्वतःहून कॅल्शियम स्कोअर केला, म्हणजे हृदयाच्या नळ्यांत किती चुना साठलाय ते मोजलं. साधा सीटी स्कॅन, सुई नाही, पाच-दहा मिनिटं. शून्य आला तर उत्तम, माझा २१०. रोज सकाळी मिरामारला पळणारा माणूस मी! त्यातली मेख अशी की यात चुना धरलेला जुना साठाच दिसतो, मऊ साठा दिसत नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू केल्यावर मऊ साठा घट्ट होऊन स्कोअर वाढूही शकतो, तेव्हा दरवर्षी स्कॅन करत बसू नका असं मला सांगितलं. मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी वाचून गोळी बंद केली, सकाळी उपाशीपोटी लसूण सुरू केला. तीन महिन्यांनी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पुन्हा जिथल्या तिथे. फक्त ऑफिसात माझ्या शेजारी कुणी बसेना.

पोईवाली, डिचोली
मी परिचारिका आहे. कुळागर, तुमच्या ०.९ ला एक पुस्ती जोडते. जुना मधुमेह असेल तर घोट्याच्या धमन्या चुन्याने इतक्या ताठ होतात की पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटा मोठा येतो. १.४ च्या वर दिसला तर खूश होऊ नका, मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं. माझ्या सासूबाईंचा आकडा एका ठिकाणी "एकदम छान" म्हणून लिहून दिला होता. अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती, आणि पाय बधिर म्हणून दुखतही नव्हती. अंगठा गेला, पाऊल वाचलं. आता त्या रोज रात्री मला तळवे दाखवतात, आरसा धरून.

नवखी, साखळी
शीत-कडी (भात-कालवण) बंद करायची का?

पोईवाली
बंद कशाला? शीत थोडं कमी, बांगडा भाजून. तळलेलं आणि तंबाखू आधी बघा. नारळाचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांशी बोला, इथे त्यावर दोनशे प्रतिसाद पडतील.

कुळागर
बाईंचा प्रसंग आईला वाचून दाखवला, ती उठून बाबांच्या डोळ्यांत बघून आली. बाबांची विडी सुटून सात महिने झाले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालणं असं : दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा. काल पहिल्यांदा सातव्या खांबाला थांबले. तिथे खरंच एक ओळखीचा भेटला, आणि अर्धा तास आम्हीच ताटकळलो.