माणगावचे नाईक यशवंत घाडगे : तुकडीत कोणी उरलं नाही, मग पराक्रम सांगितला कोणी?

शाळेची_बाई
नमस्कार. मी माणगाव तालुक्यात सातवीला इतिहास शिकवते. 10 जुलैला नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे यांच्याबद्दल वर्गात बोलायचं आहे. तहसील कार्यालयाजवळचा त्यांचा पुतळा येता-जाता सगळ्या मुलांनी पाहिलाय, पण विचारलं की "लढाईत मेले" याच्यापुढे कोणाला काही सांगता येत नाही.

म्हणून त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) सन्मानपत्र मराठीत करून वाचून दाखवलं. इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं, 10 जुलै 1944. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले, एकटे घाडगे धडधाकट उरले आणि शत्रूच्या मोर्चावर, म्हणजे त्या मशीनगनच्या ठाण्यावर, धावून गेले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग हे सांगितलं कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय एक पालक म्हणाले, "इंग्रजांसाठी लढले, त्यात आपलं काय?" या दोन्हीवर जाणकारांनी सांगावं.

माजी_सुभेदार_मराठा
जय हिंद, बाई. त्या पोराची पाठ थोपटा माझ्यातर्फे. फौजेत वरचे अधिकारीसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतात.

जखमी माणूस आंधळा नसतो. पायात गोळी घेऊन पडलेल्या जवानाला पुढचा मोर्चा दिसतोच, उलट दुसरं काही करता येत नाही म्हणून डोळे तिथेच लागलेले असतात. हल्ला पूर्ण कंपनीचा होता, घाडगे त्यातल्या एका सेक्शनचे कमांडर. सेक्शन म्हणजे साधारण दहा जण. बाकीची सेक्शनं आसपास असतात, ती मोर्चावर पोचली की तिथे काय झालं ते पडलेली हत्यारंही सांगतात. मग पलटणीत साक्षी लिहून घेतल्या जातात आणि शिफारस एकेक पायरी वर जाते. साक्ष कच्ची असेल तर कागद तिथेच थांबतो. मेलेल्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच, कारण तो स्वतः बोलू शकत नाही.

मुलांना एक गोष्ट नीट सांगा. आधी त्यांनी ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोघांना गप्प केलं. टॉमीगनने (हातातली छोटी मशीनगन) आणखी एक पाडला. दोघे उरले आणि मॅगझिन, म्हणजे बंदुकीची गोळ्यांची पेटी, रिकामी. सरावलेल्या हाताला मॅगझिन बदलायला काही सेकंद पुरतात, पण समोरचा हाताच्या अंतरावर असेल तर तेवढेही नसतात. त्यांनी बंदूक उलटी धरली, नळीला पकडून, आणि दस्त्याने दोघांना संपवलं. नुकत्याच झाडलेल्या बंदुकीची नळी कशी तापते हे मला ठाऊक आहे. ती मुठीत धरणं म्हणजे काय ते पुतळ्याकडे बघून कळत नाही. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते गेले. वय 22.

"इंग्रजांसाठी" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की त्यांच्या मागे जमिनीवर पडलेले मराठा पलटणीचे जवान होते. ती मशीनगन चालू राहिली असती तर त्यातला एकही परतला नसता. त्यांची पलटण, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, स्वातंत्र्यानंतर मोडली नाही. आज ती भारतीय सेनेची 2 पॅरा, म्हणजे छत्रीसैनिकांची पलटण आहे.

जुनी_कात्रणं
सुभेदारसाहेबांनी मुख्य ते सांगितलंच, नियमांची थोडी भर घालतो. त्या काळी मिलिटरी क्रॉस किंवा मिलिटरी मेडल ही शौर्यपदकं मरणोत्तर देतच नसत. ब्रिटिशांनी हा नियम बदलला तो थेट 1979 मध्ये. म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसच्या जरा खालचं शौर्य गाजवून जो मेला, त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा खलित्यात, म्हणजे वरिष्ठांच्या लढाईच्या अहवालात, नावाचा उल्लेख. वाचलेल्याला पदक आणि गेलेल्याला एक ओळ, हा मला कायम अन्याय वाटत आलाय. आपल्याकडे 26 जानेवारी 1950 ला परमवीर, महावीर आणि वीर चक्र सुरू झाली, ती तिन्ही मरणोत्तर देता येतात. परमवीर चक्राचे आजवरचे मानकरी 21, त्यातले 14 मरणोत्तर.

पहिलं परमवीर मेजर सोमनाथ शर्मांचं, 3 नोव्हेंबर 1947 च्या काश्मीरमधल्या बडगामच्या लढाईसाठी. हात प्लास्टरमध्ये, तरी जवानांना मॅगझिन भरून देत होते. बाई, घाडग्यांच्या रिकाम्या मॅगझिननंतर मुलांना हे जरूर सांगा.

पळशीचा_पाव्हणा
इटलीतला भाग कोणीच लिहिला नाही. घाडग्यांची वेगळी कबर नाही, तिथल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव कोरलेलं आहे. पण 2023 च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. इटलीच्या मोहिमेत 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले 6 भारतीयांना. त्या पालकांना विचारा, ज्यांच्या डोंगरात लढाई झाली त्यांनी इतक्या वर्षांनी आपल्या माणगावच्या माणसाचं नाव दगडावर घातलं, आणि आपण म्हणायचं आपलं काय?

शाळेची_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. "जखमी माणूस आंधळा नसतो" हे वाक्य तसंच्या तसं वर्गात सांगणार आहे. खलित्यातल्या उल्लेखाची गोष्ट माझ्यासाठी नवीन होती, त्यावर आणखी वाचायला हवं. मोंतोनेचा फोटो मिळाला की फळ्याशेजारी लावते.

सुभेदारसाहेब, तुम्ही रायगडात असाल तर याल का वर्गात? मॅगझिनचं आणि तापलेल्या नळीचं तुम्ही सांगाल तसं मला जमणार नाही.

माजी_सुभेदार_मराठा
महाडला असतो, तासाभराचा रस्ता. सकाळची शाळा की दुपारची तेवढं कळवा. आणि त्या मागच्या बाकावरच्याला पुढे बसवा.