ओढा ओलांडायचा आहे, सोबत दोन लहान मुलं आणि सासूबाई

नवी वाटसरू:
रविवारी आम्ही जंगलातल्या एका सोप्या वाटेने जायचं ठरवतोय. आम्ही म्हणजे मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई 66 वर्षांच्या. रोज तासभर चालतात, पण उतारावर डावा गुडघा दुखतो. वाट जाऊन-येऊन 4 किलोमीटर, चढ जेमतेम 80 मीटर, सगळी झाडीतून. दीडेक किलोमीटरवर ओढा लागतो, त्यावर पूल नाही. पलीकडे थोडं गेलं की मोकळी जागा आहे, तिथून परत फिरायचं.

नवरा मागच्या आठवड्यात एकटा जाऊन आला. म्हणाला, पाणी त्याच्या अर्ध्या पोटरीपर्यंत होतं, पाच-सहा पावलांत पार झालो. म्हणजे मुलीच्या जवळजवळ गुडघ्यापर्यंत येईल. तिने स्वतःच्या पायांनी ओढा ओलांडावा असं मला फार वाटतंय, आठवडाभर ती दुसरं काही बोलत नाहीये. पण बूट काढायचे की ठेवायचे? धाकट्याला खांद्यावर घ्यायचं का? आणि पाणी किती दिसलं की परत फिरायचं? कोणी लहान मुलांना नेलं असेल तर सांगा.

जुनी पायवाट:
ताई, मी वीसेक वर्षं मुलांना जंगलात नेतोय. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते घरूनच ठरवून निघायला हवं. काठावर पोचल्यावर मुलगी उड्या मारत असते, तेव्हा परत फिरायचा निर्णय फार जड जातो. माझी मर्यादा अशी: पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर असेल तर त्याला चालवायचं नाही. गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तर कोणीच उतरायचं नाही. वेग बघायला एक सुकं पान टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. पान तुमच्या पुढे पळालं तर परत फिरा. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे उथळ आहे एवढ्यावर जाऊ नका. वेगाचं पाणी वीतभर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय काढून घेतं.

दुसरं म्हणजे, तुम्हाला तो ओढा दोनदा ओलांडायचा आहे. एकदा आम्ही सकाळी घोटाभर पाण्यातून पलीकडे गेलो. आमच्या डोक्यावर एक थेंब पडला नाही, पण वरच्या अंगाला डोंगरात पाऊस झाला होता. परत आलो तर पाणी मांडीपर्यंत, लाल, पाचोळा आणि काटक्या घेऊन धावत होतं. अकरा मुलं माझ्याबरोबर होती. पाणी उतरेपर्यंत अडीच तास आम्ही काठापासून लांब, उंचावर बसून राहिलो. कोणाला काही झालं नाही, पण ते अडीच तास मला अजून आठवतात. तेव्हापासून जाताना पाण्याच्या कडेला एक काटकी रोवतो आणि पलीकडे जास्त वेळ रेंगाळत नाही. काटकी बुडालेली दिसली तर थांबायचं. वरच्या बाजूला ढग दाटलेले असले, तर जातानाच ओलांडायचं नाही.

आता उतरायचं कसं ते. वाट जिथे ओढ्याला भिडते तीच जागा चांगली असं नसतं. थोडं वर-खाली फिरून रुंद, सरळ वाहणारी जागा शोधा. रुंद पात्रात पाणी पसरतं आणि उथळ होतं. वळणावर बाहेरच्या काठाशी ते खोल आणि जोरात असतं. खालच्या अंगाला डोह किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडा.

बूट घालूनच उतरा. अनवाणी पायाला गोटे टोचतात, मूल दचकून पाय उचलतं आणि तिथेच पडतं. मोजे मात्र काढून सॅकमध्ये ठेवा, पलीकडे पाय पुसून कोरडे मोजे घालायचे. दगडावरून दगडावर उड्या मारत जाऊ नका. शेवाळलेल्या दगडापेक्षा पाण्यातला वाळू-गोट्यांचा तळ कितीतरी भरवशाचा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती लगेच टाकता येते.

मुलीच्या वरच्या अंगाला एकाने उभं राहायचं. धार आधी त्याच्या पायांवर फुटते आणि मुलीला संथ पाणी मिळतं. तिला सांगा, पाण्याकडे बघत राहू नकोस, पलीकडच्या झाडाकडे बघ. वाहत्या पाण्याकडे टक लावली की मोठ्यांनाही गरगरतं.

धाकटा खांद्यावर नको. वजन वर गेलं की तोल जातो, आणि तुम्ही पडलात तर तो उंचावरून दगडावर. कडेवरही नको, पाय दिसत नाहीत. पाठीशी घट्ट घ्या आणि हातात काठी ठेवा. त्याला काठावर चढवताना हाताला धरून ओढू नका, या वयात कोपराचं हाड सहज सरकतं. काखेत धरून उचला.

वेळ भरपूर ठेवा. 1892 साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला चालण्याच्या वेळेचा हिशेब तासाला साधारण 5 किलोमीटर आणि 600 मीटर चढाला एक तास जादा असा आहे. त्याने तुमची वाट तासाभरात संपते, पण तो मोठ्यांसाठी आहे. तुम्ही तीन तास धरा.

पानगळ:
दोन झाडांना दोरी बांधून मुलीच्या कमरेला अडकवली तर? आम्ही तसं करतो.

जुनी पायवाट:
कृपा करून तसं करू नका. बांधलेलं मूल पडलं की धार त्याला दोरीच्या टोकाशी पाण्याखाली दाबून धरते, सोडवायला वेळ मिळत नाही. दोरी लागेल असं वाटतंय, तर त्या दिवशी मुलांना घेऊन तो ओढा ओलांडायचाच नाही.

काठीवाली आजी:
माझे दोन्ही गुडघे दुखतात, तरी ओढे ओलांडते, म्हणून सासूबाईंसाठी लिहिते. त्यांना दोन काठ्या द्या. तोंड धारेकडे करून, आडवं आडवं सरकायचं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी किंवा पाय. पायावर पाय ओलांडून टाकायचा नाही. आणि हात देऊ का असं त्यांना आधी विचारा. नकळत मागून कोणी दंड धरला की माझा तोल जातो. अलीकडेच बसायचं म्हणाल्या तर बसू द्या, फक्त एकट्या नकोत.

नवी वाटसरू:
जाऊन आलो! पाणी मागच्या आठवड्यापेक्षा थोडं कमी, तळ स्वच्छ दिसत होता. पान माझ्या बरंच मागे राहिलं. वाटेपासून तीसेक पावलं वर रुंद जागा सापडली. काटकी मुलीने रोवली.

सासूबाई आधी नको म्हणाल्या. मग आम्ही तिघं पार झालेलो बघून त्यांनी काठ्या मागितल्या आणि नवऱ्याला फक्त जवळ उभं राहायला सांगितलं. पलीकडे पोचल्यावर बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसल्या. मोकळ्या जागेपर्यंत कोणी गेलंच नाही.

जाऊन-येऊन दोन तास पन्नास मिनिटं लागली. काठीवाल्या आजी, सासूबाई विचारताहेत, तुम्ही काठ्यांची उंची किती ठेवता?