दिवसभर बागेत राबतो, तरी अजिंक्यताऱ्यावर धाप लागली. व्यायाम वेगळा करावाच लागतो का?

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग आहे, दारात दोन म्हशी. वय ४४. व्यायाम हा शब्द आमच्या घरात चेष्टेचा. कुणी सकाळी पळताना दिसला की अण्णा म्हणतात, "ह्याला एक दिवस आपल्या रानात धाडा."

भाऊबीजेला साताऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. दाजी बँकेत, दिवसभर खुर्चीत, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. पहाटे म्हणाले, चला अजिंक्यताऱ्यावर. पायवाटेनं नव्हे, डांबरी रस्त्यानंच. निम्म्यात माझा भाता सुरू झाला. दाजी मात्र बेदाण्याचा भाव विचारत निवांत चालले होते. दोनदा बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं, तिसऱ्यांदा ते हसले.

परत आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. ईसीजी ठीक, बीपी १४४/९२. "गोळी आत्ता नको, रोज अर्धा तास चाला, दोन महिन्यांनी बघू," म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, मी शेतकरी आहे. ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय." बाहेर पेशंटची रांग होती, पुढं विचारायचं राहून गेलं.

ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफूट (नको असलेली फूट) काढणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी (घडातले जादा मणी काढणं). मान वर, हात वर, सहा-सहा तास. संध्याकाळी खांदे भरून येतात, मान वळत नाही. त्यात आणखी व्यायाम कुठं घालू? आणि एवढे कष्ट करून अंगाला लागत का नाहीत?

प्रतिसाद १

भावा, मी मिरजेत फिजिओथेरपी करतो. हंगामात तुमच्याकडचे पेशंट मान धरूनच येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

कष्ट आणि व्यायाम शरीराला सारखे वाटत नाहीत. द्राक्षाच्या मांडवाखाली तुम्ही जवळजवळ एका जागी उभे असता. हात खांद्याच्या वर धरून ठेवले की बीपी चढतं, पण हृदय-फुप्फुसांना चढ चढताना लागतो तसा सराव मिळत नाही. व्यायामात थोडा वेळ जोर लागतो, मग विश्रांती, आणि त्या विश्रांतीत शरीर सुधारतं. रानात ताण दिवसभर आणि विश्रांती नावाला. डेन्मार्कमधल्या अभ्यासांतही हेच दिसलं: फावल्या वेळातल्या व्यायामानं हृदयाला जो फायदा होतो, तो जड मजुरीतून मिळताना दिसत नाही, कधी उलटंच होतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम. छातीत दुखलं किंवा डाव्या हाताला कळ आली तर मात्र चालणं थांबवून थेट दवाखाना.

एक काम करा. विरळणीच्या दिवशी मोबाईल खिशात ठेवून पावलं मोजा.

प्रतिसाद २

सूर्यनमस्कार घाला, दुसरं काही नको. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले होते. आपलं आटपाडी, कुंडल त्याच संस्थानात. आमचे आजोबा कुंडलचे, म्हातारपणीही रोज पंचवीस घालायचे.

प्रतिसाद १ लिहिणारा पुन्हा

आजोबांना नमस्कार, पण ह्यांची मान आधीच सहा तास मागं वाकलेली असते. हंगामात मान मागं टाकायच्या स्थिती नकोत. त्यापेक्षा हनुवटी गळ्याकडे आत ओढून पाच आकडे थांबायचं, दहा वेळा. विरळणीत दर अर्ध्या तासानं हात खाली सोडून खांदे फिरवा. आठवड्यातून दोनदा बैठका, पंधरा-पंधराच्या दोन खेपा. हंगाम संपला की नमस्कार खुशाल घाला.

प्रतिसाद ३

दादा, वहिनींचं बीपी तपासलंत का? विरळणीला त्याही असतील, वर धारा, भाकरी, शेणघाण. आमच्याकडे डॉक्टरांनी नवऱ्याला चालायला सांगितलं, मी सोबत म्हणून गेले आणि माझीच शुगर वाढलेली निघाली.

मूळ प्रश्नकर्ता

पावलं मोजली. सकाळी सात ते सहा, ३,१००. मला वाटलं मोबाईल बिघडला, दुसऱ्या दिवशी ३,४००. मग डोक्यात प्रकाश पडला. अण्णा माझ्या वयाचे असताना रानात चालत जायचे, रात्री पाटाचं पाणी पाजायचे. मी गाडीवर जातो, पाणी ड्रिपनं, फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं. कष्टाचं नाव तेच राहिलं, चालणं तेवढं गळून गेलं.

कालपासून गाडी घरी. रान सव्वा किलोमीटर, जाता-येता झपाझप चालतो. अण्णांनी विचारलं, पेट्रोल संपलं का? हो म्हणालो.

ताई, तुमचं वाचून बायकोला घेऊन गेलो. तिचं बीपी १५०/९६ निघालं, माझ्यापेक्षा जास्त. सोमवारी पुन्हा बोलावलंय. आता दुसरा प्रश्न: तिला पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उसंत नसते, तिच्या चालण्याला अर्धा तास कुठून काढायचा? धारा मी काढतो म्हटलं, तर म्हैस मला जवळ येऊ देत नाही. दुसऱ्याच्या हाताला म्हैस लावायची युक्ती कुणाकडे असेल तर सांगा.