आईच्या ट्रंकेतले मोर्च्यांचे फोटो, कागद कसे जपायचे?

विडीवालीची लेक:
माझी आई सोलापूरच्या पूर्वभागात ४० वर्षं विड्या वळत होती. लाल बावट्याच्या, म्हणजे डाव्या कामगार संघटनेच्या, प्रत्येक मोर्च्यात असायची. आता ७६ वर्षांची आहे. पलंगाखालच्या तिच्या ट्रंकेत सायक्लोस्टाइल पत्रकं, बिल्ले, महिला सभेची कॅसेट आणि ३१ फोटो निघाले. कुंभारीच्या, विडी कामगार बायकांसाठीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या १० हजार घरांच्या चाव्या २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मिळाल्या, तेव्हाचे फोटो सगळीकडे छापून आले. पण त्याआधी छाटविरोधात (म्हणजे वळलेल्या विड्या खराब ठरवून बाद करण्याविरोधात), मजुरीसाठी, घरासाठी रोज बुडवून रस्त्यावर बसलेल्या बायकांची नावं कुठेच नाहीत. 'महिला कामगार' एवढंच लिहितात, याचं फार वाईट वाटतं. पूर्वी एका कार्यक्रमासाठी नेलेले ६ फोटो परत आले नाहीत, त्यामुळे कुणाला द्यायची भीती वाटते. काही फोटोंच्या मागे आईने तेलुगूत काहीतरी लिहिलंय. मला ती लिपी येत नाही.

जुना ग्रंथपाल:
ताई, मूळ वस्तू घराबाहेर देऊ नका. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको. फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, मागचं अक्षर फोटोइतकंच मोलाचं आहे. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवून बघू नका, जाणकाराकडूनच साफ करून घ्या. मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था १९८८ पासून स्त्रियांच्या आठवणी, फोटो, ध्वनिफिती जपते. त्यांना विचारून बघा, पण द्यायच्या त्या प्रती, आणि अटी लेखी ठरवूनच.

साखर पेठ:
अक्का, आधी अम्माचं बोलणं रेकॉर्ड करा, तेही तेलुगूतच. मराठीत सांगायला लावलं की आमची आई दोन वाक्यांत आटपते. 'आंदोलनाबद्दल सांग' असं विचारू नका. मी आईच्या मांडीवर विड्या वळायचं रिकामं सूप ठेवलं आणि चेकर किती छाट काढायचा एवढंच विचारलं. हजारामागे किती विड्या फुकट जायच्या इथपासून सुरू झाली ती पोलीस गाडीत बसवून नेलं त्या रात्रीपर्यंत थांबली नाही.

विडीवालीची लेक:
काल संध्याकाळी फोटो उलटे करून आईपुढे ठेवले. मागे नावं आहेत! डावीकडून उजवीकडे, ओळीने. एकीचं नाव वाचताना आई थांबली. म्हणाली, हिचं बाळ त्या दिवशी माझ्या कडेवर होतं. फोटो सरळ केला, तर खरंच, आईच्या कडेवर टोपडं घातलेलं मूल. इतकी वर्षं ते मूल म्हणजे मीच, असं समजत होते.