घरचा फोटो-सर्व्हर आणि स्वतःचं बिटकॉइन वॉलेट एकाच मशीनवर जमेल का? (बडोदा)

कारेलीबागकर
नमस्कार मंडळी. चौघांचे फोटो-व्हिडिओ मिळून ९०० जीबी झालेत आणि क्लाउडचं मासिक भाडं भरायचा कंटाळा आलाय. हाताशी आहे ते असं: ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप (आय५, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी), ४ टीबीची यूएसबी डिस्क आणि फायबरचं कनेक्शन. घर तळमजल्यावर. डेबियन लिनक्सवर डॉकर (प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) टाकून इमिच हे फोटो साठवायचं ॲप चालू केलंय. घरच्या वायफायवर झकास चालतं, बाहेरून मात्र काही केल्या उघडत नाही. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली हाक राउटरने सर्व्हरकडे वळवणं) करून पाहिलं, उपयोग शून्य. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतो.

आणखी दोन शंका. थोडं बिटकॉइन एक्सचेंजवर पडून आहे, ते स्वतःच्या वॉलेटमध्ये आणायचंय. नोड (बिटकॉइनचे व्यवहार स्वतः तपासणारा प्रोग्राम) आणि वॉलेट याच मशीनवर ठेवू का? आणि मेलसुद्धा घरीच ठेवता येईल का? पावसाळ्यात लाइट जाते हे धरून सांगा.

रावपुरा_राउटर
१००.७२ दिसलं की पुढे शोधायला नको. १००.६४ ते १००.१२७ हा अख्खा पट्टा सीजीनॅटसाठी राखून ठेवलाय. म्हणजे तुमच्यासारखी कित्येक घरं कंपनीच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसलेली असतात. पोर्ट फॉरवर्डने तुमच्या खोलीचं दार उघडलं, पण वाड्याचा दिंडी दरवाजा कंपनीकडे आहे आणि तो बंद आहे. राउटर बदलूनही फरक पडणार नाही.

सोपा रस्ता टेलस्केलचा, म्हणजे आपली यंत्रं आपसात खाजगी जाळ्याने जोडणाऱ्या ॲपचा. सर्व्हरवर आणि चौघांच्या फोनवर टाका, इमिचच्या ॲपमध्ये सर्व्हरचा टेलस्केलवाला पत्ता आणि पोर्ट २२८३ भरा, झालं. घरगुती वापराला फुकट आहे. ओळख पटवणारा सर्व्हर मात्र त्यांचा. तेही नको असेल तर हेडस्केल (तशाच सर्व्हरची मुक्त आवृत्ती) स्वतः चालवा, किंवा सार्वजनिक पत्ता असलेला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन घरापासून तिथपर्यंत वायरगार्ड (कूटबद्ध बोगदा) ओढा. वायरगार्डमध्ये लोक दोनच ठिकाणी अडकतात. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवला नाही, तर सीजीनॅट थोड्या वेळाने वाट विसरतो आणि बाहेरून हाक मारली तरी घर ओ देत नाही. दुसरं एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये. वायरगार्ड १४२० धरतं ते १५०० च्या हिशोबाने. पीपीपीओई (नाव-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) जोडणीत मुळात १४९२ च मिळतात, म्हणून १४१२ लिहा. हे चुकलं की हँडशेक होतो, लॉगिनचं पान उघडतं आणि मोठा फोटो चढवायला घेतला की गाडी जागच्या जागी रुतते. मग माणूस दोन दिवस इमिचला शिव्या घालत बसतो.

क्लाउडफ्लेअर टनेल (त्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत घर बाहेरून उघडणारी सेवा) सुचवणारे येतीलच. त्यांच्या फुकट प्लॅनवर एका विनंतीत १०० एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ चढणार नाहीत. शिवाय कूटबद्धता त्यांच्या दारात उघडते. भाडेकरू म्हणून एका घरातून निघायचं आणि दुसऱ्या घरात भाडेकरू व्हायचं, एवढंच होईल.

मेल घरी ठेवू नका. मेल पाठवायचा पोर्ट २५ बहुतेक बंद असतो, रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या हातात नसतो आणि घरगुती पत्त्यांवरून आलेली पत्रं मोठे मेलवाले सरळ स्पॅममध्ये टाकतात. स्वतःचं डोमेन घ्या आणि पेटी एखाद्या पैसे घेणाऱ्या सेवेकडे ठेवा. उद्या सेवा पटली नाही तर डोमेनची एमएक्स नोंद (पत्रं कुठे जायची ते सांगणारी) बदलायची. पत्ता तुमचाच राहतो.

डिस्कवाले_काका
बाहेरून उघडणं ही दुय्यम गोष्ट. आधी डिस्क नीट लावा.

डिस्क एनटीएफएस (विंडोजची मांडणी) असेल तर रिकामी करून एक्स्ट४ (लिनक्सची) करा. एक्स्ट४ पाच टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासकासाठी) राखते, म्हणजे ४ टीबीत जवळजवळ २०० जीबी गेले. फोटोंच्या डिस्कवर त्याची गरज नाही. ट्यून२एफएस या आदेशाने एक टक्का करा. इमिचचा पोस्टग्रेस डेटाबेस आतल्या एसएसडीवर ठेवा, यूएसबी डिस्कवर फक्त फोटो. पहिल्यांदा चेहरे ओळखायचं काम काढलं की प्रोसेसर कित्येक तास, कधी दिवस, तापत राहतो. ८ जीबीत भागतं, पण कामांची समांतर संख्या एकवर आणा.

आता सगळ्यात जास्त बुडवणारी चूक. लाइट जाऊन आली, मशीन उठलं, यूएसबी डिस्क मात्र वेळेवर उठली नाही. डॉकर त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, लिहायला लागतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि २५६ जीबी भरले की पोस्टग्रेससकट सगळं कोसळतं. उपाय असा: एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कांची यादी) डिस्क यूयूआयडीने (तिच्या ओळख क्रमांकाने) लिहा, सोबत नोफेल हा पर्याय घाला, नाहीतर डिस्कविना मशीन बूटच अर्धवट सोडेल. मग डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅट्र प्लस-आय (बदल बंद करणारा आदेश) मारा. डिस्क नसेल तेव्हा तिथे कुणालाच लिहिता येणार नाही, कंटेनर आरडाओरडा करील. करू दे.

लाइटबद्दल. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. मशीन, ओएनटी (फायबरचं खोकं) आणि राउटर मिळून २५-३० वॅट, म्हणजे तासभर तरी निघावा. यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या, म्हणजे नट हा प्रोग्राम बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद करू शकतो. बायोसमध्ये 'वीज परत आली की चालू' ठेवा. यात एक गोम आहे: मशीन बंद झालं आणि यूपीएस मरायच्या आत लाइट आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, ते झोपूनच राहतं. म्हणून शेवटी यूपीएसचंच आउटपुट तोडायचा आदेश नटला द्या. मशीनने सरासरी १२ वॅट खाल्ले तरी महिन्याला नऊ युनिटच्या आत.

आणि अहो, कारेलीबाग, तळमजला! ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री कुठवर आली होती ते बडोदेकराला सांगायला नको. मशीन, डिस्क, यूपीएस सगळं माळ्यावर किंवा निदान कपाटाच्या वरच्या फळीवर. दुसरी प्रत त्याच घरात ठेवून भागणार नाही. नदीच्या दुसऱ्या काठावरचं सासरही पुरेसं लांब नाही. तिसरी प्रत परगावी हवी. ९०० जीबी ४० एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायला ५० तास लागतात, म्हणून रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने पहिली प्रत इथेच दुसऱ्या डिस्कवर काढा, ती डिस्क इंदूरला-पुण्याला नेऊन द्या आणि पुढे टेलस्केलवरून फक्त रोजची भर पाठवा. फोटोंबरोबर पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची उतरवलेली प्रत) गेलाच पाहिजे, नाहीतर फोटो परत मिळतील पण अल्बम आणि चेहऱ्यांची नावं गेली. रेस्टिकचा पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवून निर्धास्त होऊ नका. सर्व्हर बुडाला की पासवर्डही बुडाला, आणि तो नसेल तर प्रत कुणालाच उघडता येत नाही. कागदावर लिहा.

नोडधारी
वॉलेट त्या मशीनवर नको. चोवीस तास जाळ्याला जोडलेल्या, चार कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर बिटकॉइनच्या गुप्त किल्ल्या कशाला? हार्डवेअर वॉलेट (किल्ल्या जाळ्यापासून दूर ठेवणारं छोटं उपकरण) घ्या. नोड वेगळी चीज आहे: तो नियम तपासतो, पैसे सांभाळत नाही. अख्खी साखळी (आजवरच्या सगळ्या व्यवहारांचे ब्लॉक) ६०० जीबीच्या पुढे गेली आहे आणि यूएसबी हार्ड डिस्कवर पहिलं सिंक रडतखडत चालतं, कारण लाखो बारीक वाचन-लेखन. प्रून (जुने ब्लॉक पुसत राहायची सोय) ५५० ठेवलंत तर ब्लॉक साधारण ५५० एमबीतच राहतात, पण उतरवावे सगळेच लागतात. फायबर प्लॅनची महिन्याची मर्यादा पाहून सुरू करा.

एक्सचेंजवरून काढायचा विचार योग्यच. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजवर साडेतेवीस कोटी डॉलरच्या आसपास दरोडा पडला आणि ग्राहकांची रक्कम महिनोन्महिने अडकली. पण घाई नको. आधी जुन्या खरेदीचा सगळा तपशील उतरवून घ्या; पुढे विकलंत की नफ्यावर ३० टक्के कर (वर सेस) आणि १ टक्का टीडीएस आहे, तोटा दुसरीकडे वळता होत नाही, आणि खरेदी किंमत दाखवायची जबाबदारी तुमची.

वॉलेट १२ किंवा २४ शब्द देईल; त्यांवरून ते पुन्हा उभं करता येतं. ते २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि पहिली चार अक्षरं कुणाचीच सारखी नसतात, त्यामुळे स्टीलच्या पट्टीवर चारच अक्षरं ठोकली तरी पुरे. पुराच्या गावात कागद आणि जेल पेन नको. शब्दांचा फोटो तर अजिबात नको: तुमचा फोन आता प्रत्येक फोटो आपोआप इमिचवर चढवणार, तिथून तो तिन्ही प्रतींत जाणार.

आधी अगदी थोडी रक्कम पाठवा. पत्ता हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर अक्षरन् अक्षर ताडा. क्लिपबोर्डमधला पत्ता बदलणारे व्हायरस असतात. रक्कम आली की वॉलेट पूर्ण पुसा, शब्दांवरून परत उभं करा, तोच पत्ता येतो का पाहा. आला तरच बाकीचं हलवा. परत उभं करताना शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका, बहुधा पत्त्याचा प्रकार चुकलाय: बीसी१क्यू ने सुरू होणारे पत्ते आणि १ ने सुरू होणारे पत्ते वेगळ्या वाटेवर असतात. शब्दांवर जादा पासफ्रेज (पासवर्ड) सध्या लावू नका. त्यात एक अक्षर चुकलं तर वॉलेट चूक दाखवत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडून देतं.

कारेलीबागकर
भरपूर मिळालं, आभारी आहे. टेलस्केल चालू झालं. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये २२८३ बंद केला तरी घरातल्या टीव्हीवरून तो उघडतोच. असं का? आणि डिस्क तीन वर्षं जुनी आहे, चालेल?

डिस्कवाले_काका
डॉकर उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात, तो स्वतःचे नियम आधी लावतो. डॉकरच्या कंपोझ (मांडणीच्या) फाइलमध्ये पोर्टच्या आधी सर्व्हरचा टेलस्केल पत्ता लिहा, म्हणजे तो तिथेच ऐकेल. फक्त बूट होताना टेलस्केल डॉकरच्या आधी उठायला हवं, नाहीतर कंटेनर सुरूच होणार नाही.

डिस्कवर स्मार्टची (डिस्कच्या स्व-तपासणीची सोय) लांब तपासणी लावा, ४ टीबीला सात-आठ तास जातात. रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) किंवा पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्याच्या वर दिसले तर ती डिस्क यात वापरू नका. तपासणी निम्म्यातच थांबली तर डिस्कला दोष देऊ नका. कित्येक यूएसबी खोकी दहा मिनिटांनी डिस्कला झोपवतात. दर मिनिटाला एखादी वेगळी फाइल वाचत ठेवा, पूर्ण होईल.